दाणे चिमण्यांसाठी, गर्दी कबुतरांची

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी होती. अंगणात किंवा गॅलरीत ज्या पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवले ते येत नाहीत आणि ज्यांना बोलावलेच नव्हते ते हटत नाहीत, अशी ती अडचण आहे. त्यातील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी नातीच्या हट्टामुळे गॅलरीत चिमण्यांसाठी प्लास्टिकचा फीडर टांगला आणि खाली एका परातीत ज्वारी, बाजरी व तांदूळ ठेवू लागलो. सुरुवातीला आठ-दहा चिमण्या नियमित येत होत्या. आता रोज सकाळी वीस-पंचवीस कबुतरे उतरतात आणि चिमण्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर बसून नुसत्या पाहत राहतात. जुन्या सीडी टांगून झाल्या, प्लास्टिकचे घुबड ठेवून झाले. खालच्या मजल्यावरील काकूंना दम्याचा त्रास असल्याने त्यांच्याशी बोलाचालीही झाली. दाणे बंद करायला मन होत नाही. काय करावे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘परात’ हा शब्द वाचला आणि निम्मे उत्तर तिथेच सापडले. शहरातले कबूतर म्हणजे आपला पारवाच. तो मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी असून खेड्यांत तो आजही जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत, गडांच्या बुरुजांत आणि देवळांच्या शिखरांवर दिसतो. त्याला दोन्ही पाय सपाट जागी टेकवून, चालत चालत टिपायची सवय असते. चिमणीप्रमाणे बारीक काडीला किंवा तारेला लटकून खाणे त्याला जमत नाही. म्हणजे आपण ठेवलेली परात हे त्याच्यासाठी अगदी सोयीचे जेवणाचे पान आहे. शिवाय चिमणीचे वजन 25 ते 30 ग्रॅम भरते, तर कबुतराचे 300 ग्रॅमच्या वर जाते. एवढ्या मोठ्या पक्ष्यांच्या घोळक्यात शिरून दाणा उचलण्याचे धाडस चिमणी सहसा करत नाही, हे आपण दोरीवर पाहतच आहात.

सीडी आणि घुबड यांचा उपयोग का झाला नाही, हेही समजून घ्यावे. पक्षी नव्या वस्तूला बिचकतात ते ती वस्तू पुढे काय करते हे कळेपर्यंतच. दोन-चार दिवस घुबड जागचे हलले नाही की कबूतर त्याच्या शेजारी बसते, आणि काही घरी तर मी त्याला थेट घुबडाच्या डोक्यावर बसलेले पाहिले आहे. भीती घालून पक्षी कायमचे दूर राहत नाहीत. अन्न मिळणे थांबले किंवा अवघड झाले तरच ते जागा बदलतात.

म्हणून पहिली गोष्ट अशी की दोन ते तीन आठवडे गॅलरीत एकही दाणा ठेवू नये. परात उचलावी, फीडर उतरवून धुऊन ठेवावा आणि फरशीच्या कोपऱ्यांत व कुंड्यांखाली सांडलेले दाणेही झाडून काढावेत. आपल्याला चिमण्यांची काळजी वाटेल, परंतु चिमण्या केवळ आपल्या गॅलरीवर जगत नसतात. त्या आसपासच्या चार-सहा जागा रोज धुंडाळतात आणि दाणे पुन्हा दिसू लागले की परत येतात. कबुतरांचा थवा मात्र पक्क्या वेळी पक्क्या जागी येण्याची सवय लावून घेतो. ती सवय मोडल्याशिवाय पुढचे कोणतेही उपाय लागू पडणार नाहीत.

त्यानंतर दाणे बदलावेत. ज्वारी, गहू, मका, हरभऱ्याची डाळ आणि वाटाणे ही कबुतरांची आवडती धान्ये असल्याने ती पूर्णपणे थांबवावीत. राळा, बारीक बाजरी आणि तांदळाची कणी एवढेच ठेवावे. चिमण्यांबरोबर मनोल्या हे दाणे टिपणारे छोटे पक्षीही राळ्यासाठी येतात. मात्र कबूतर बारीक दाणाही खाते, त्यामुळे नुसते धान्य बदलून भागत नाही. खरा फरक पडतो तो जाळीने.

हार्डवेअरच्या दुकानात वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी मिळते. दीड इंची चौकोन असलेली जाळी घ्यावी. तिच्यातून चिमणी, मनोली आणि शिंजीर सहज आत-बाहेर करतात, कबुतराचे आणि साळुंकीचे अंग मात्र त्यातून जात नाही. या जाळीचा साधारण दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच पिंजरा करून घ्यावा, आणि दाण्यांची लहान वाटी बरोबर मध्यभागी टांगावी. वाटी आणि जाळी यांच्यात सर्व बाजूंनी किमान पाच-सहा इंच अंतर राहिले पाहिजे, कारण कबूतर बाहेरून मान खुपसून दाणे ओढण्याचा प्रयत्न करते. मी स्वतः पहिला पिंजरा केला तेव्हा दोन इंची जाळी वापरली होती. कबुतरे थांबली, पण साळुंक्या खांदे आखडून आत शिरू लागल्या आणि वाटी उलटून टाकू लागल्या. दीड इंची जाळी लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी एक चिमणा जाळीच्या तारेवर आडवा लोंबकळला, मान तिरकी करून त्याने आत पाहिले, दोन वेळा मागे फिरला आणि मग पंख अंगाशी घट्ट मिटून एका झेपेत आत गेला. त्याच्या मागोमाग अर्ध्या तासात सहा चिमण्या आत होत्या.

पिंजऱ्याला वरून सपाट झाकण लावू नये, कारण त्यावर कबुतरे बसून राहतील. पत्रा तिरपा ठेवावा, आणि उतार 45 अंशांपेक्षा अधिक असावा. तळाला एक ताटली बसवावी, म्हणजे सांडलेले दाणे फरशीवर न पडता पिंजऱ्यातच राहतील. बहुतेक घरी याच जागी चूक होते. वरचा फीडर नीट असतो, पण चिमण्या टरफले आणि दाणे खाली उडवतात, ते टिपायला कबुतरे फरशीवर उतरतात आणि फीडरच निरुपयोगी आहे असा समज होतो. सकाळी एक मूठभर दाणे ठेवावेत, दोन तासांनी वाटी काढून घ्यावी आणि दुपारनंतर काही ठेवू नये. रात्रभर राहिलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि पावसाळ्यात दमट दाण्यांना बुरशी लागते. बुरशी लागलेला दाणा पक्ष्यांच्या जिवावर बेततो. वाटी आठवड्यातून एकदा गरम पाण्याने घासून उन्हात वाळवणे आवश्यक आहे, कारण कबुतरांच्या घशात होणारा एक परजीवी संसर्ग उष्ट्या दाण्या-पाण्यातून इतर पक्ष्यांना होतो.

पाण्याचाही विचार करावा. कोंबडी किंवा चिमणी चोचीत पाणी घेऊन मान वर करते. कबूतर मात्र चोच बुडवून एका दमात पाणी ओढते, त्याला मान वर करावी लागत नाही, आणि मोठे भांडे दिसले की तेथे ते अंघोळही करते. त्यामुळे फरशीवरील घमेले काढून, पिंजऱ्यातच मावेल असे दोन इंच खोलीचे मातीचे भांडे ठेवावे.

आता खालच्या काकूंविषयी. आपण पत्रात हा भाग शेवटी लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत आधी यायला हवा. कबुतरांची विष्ठा वाळली की तिची बारीक धूळ होते, आणि ती धूळ व पिसांतील भुकटी दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काहींना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो लवकर ओळखला गेला नाही तर फुप्फुसे कायमची घट्ट होतात. मुंबईत 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखान्यांवर कारवाई सुरू केली, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलने झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यामागे हीच आरोग्याची चिंता होती. पक्ष्यांना दाणे घालण्यामागील भूतदयेचा मला मनापासून आदर आहे. परंतु दम्याचा रुग्ण त्याच इमारतीत असताना कबुतरांचा थवा रोज बोलावणे योग्य नाही, आणि वर सांगितलेला पिंजरा लावूनही महिन्याभरात कबुतरे कमी झाली नाहीत तर दाणे कायमचे बंद करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दरम्यान, गॅलरीतील विष्ठा कोरडी असताना झाडू नये. नाका-तोंडाला मास्क बांधून तिच्यावर भरपूर पाणी मारावे, ती भिजली की खरवडून काढावी, आणि हे काम काकूंच्या खिडक्या बंद असताना करावे.

एसीच्या बाहेरील युनिटच्या मागे किंवा छज्जावर कबुतरांनी घरटे केले असेल तर ते लगेच फेकू नये. कबूतर एका वेळी दोन अंडी घालते, ती सुमारे 18 दिवसांनी फुटतात आणि पिल्ले पुढे महिनाभर घरट्यात असतात. पिल्ले उडाली की त्याच आठवड्यात ती जागा बंद करावी, कारण हा पक्षी जवळजवळ वर्षभर अंडी घालतो आणि उशीर केल्यास दुसरी जोडी अंडी तयार असतात. जाळी लावायची झाल्यास ती ताणून, चारही कडा पक्क्या करून लावावी. सैल नायलॉनच्या जाळीत वटवाघळे, पिंगळे आणि चिमण्यासुद्धा अडकून मरतात. चिकटपट्ट्या, विषारी दाणे आणि मांजा यांचा तर विचारही करू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 पासून आहे, आणि त्या उपायांना कबुतरांइतक्याच चिमण्याही बळी पडतात.

नातीला एक गोष्ट अवश्य सांगावी. चिमणी आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस दाणे भरवत नाही, अळ्या आणि किडे भरवते. त्यामुळे गॅलरीत कढीपत्ता, मेंदी किंवा जास्वंद लावून त्यावर कीटकनाशक न फवारणे, ही चिमण्यांना दाण्यांहून मोठी मदत आहे. आपल्या सोसायटीच्या कुंपणावर बोगनवेल असेल तर ती मुळापासून छाटू देऊ नये. संध्याकाळी चिमण्यांचा जो कलकलाट ऐकू येतो तो बहुतेक वेळा अशाच दाट काटेरी वेलीतून येतो.

प्रश्न : सांगलीला आमचे बैठे घर असून मागे मोठे परसू आहे. मी बुलबुल आणि दयाळ यांच्यासाठी पपईच्या फोडी व पोळीचे तुकडे ठेवते, पण सगळे कावळे पळवतात. ऐन उन्हाळ्यात त्यांनी बुलबुलाच्या घरट्यातील पिल्लेही नेली. धाकटा मुलगा गलोल घेऊन त्यांच्यामागे लागतो. मात्र सासरे रोज जेवणाआधी कावळ्याला घास ठेवतात आणि पितृपक्षात तर कावळ्याशिवाय आमचे पान हलत नाही. त्यांना न दुखावता कावळ्यांचा बंदोबस्त कसा करावा? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : गलोल आजच काढून घ्यावी. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, आणि ज्याने दगड मारला त्याच्या डोक्यावर पुढे कित्येक दिवस झडप घालतो. मुलाला इजा होईल आणि कावळे तिथेच राहतील.

कावळे आपल्या परसात येतात ते पपईपेक्षा पोळीमुळे. शिजवलेले अन्न, खरकटे, फरसाण आणि मांसाचे तुकडे कावळ्यांना बोलावतात, तर बुलबुलाला व दयाळाला त्यांचा काहीच उपयोग नसतो. दयाळ तर जवळजवळ संपूर्णपणे किड्यांवर जगतो. त्याच्यासाठी परसाच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा कुजू द्यावा आणि तो मधूनमधून हलवावा, म्हणजे त्यातील गांडुळे आणि किडे टिपायला तो आपोआप उतरेल. पोळीचे तुकडे मात्र पूर्ण बंद करावेत.

पपई ठेवण्याची पद्धत बदलावी. थाळीत फोडी ठेवल्या की कावळा एका खेपेत दोन फोडी उचलतो. त्याऐवजी अर्धी पपई बी काढून एका बारीक, लवचीक फांदीच्या टोकाला घट्ट बांधून टांगावी. बुलबुल हलका असल्याने हेलकावे खाणाऱ्या फांदीवरही आरामात चोच मारतो, आणि तांबटही येण्याची शक्यता असते. कावळा बसला की फांदी खाली झुकते, त्याला ते आवडत नाही आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर तो दुसरीकडे जातो. फळ दुपारपर्यंत उतरवून टाकावे.

सासऱ्यांचा घास थांबवण्याची गरज नाही, आणि तो थांबवावा असे मी सुचवणारही नाही. तो घास बुलबुलाच्या झाडापासून दूर, घराच्या पुढच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीवर, रोज ठरलेल्या वेळी आणि थोडाच ठेवावा. कावळे वेळेचे पक्के असतात. दहा-पंधरा दिवसांत ते त्याच जागी, त्याच वेळी येऊ लागतील आणि उरलेला दिवस परसू इतरांना मोकळे राहील. बुलबुलाची पिल्ले गेल्याचे दुःख मी समजू शकतो, परंतु कावळ्यालाही उन्हाळ्यात पिल्ले असतात, आणि त्याच्या घरट्यात कोकिळेने घातलेल्या अंड्यातून निघालेले पिल्लूही त्यालाच भरवावे लागते. घरट्याजवळ कावळ्यांना आकर्षित करणारे काही न ठेवणे, आणि बुलबुलासाठी कुंपणालगत दाट काटेरी झुडूप राखणे, एवढेच आपल्या हाती आहे.

प्रश्न : आमच्या अंगणातील फीडरवर शिक्रा येऊन चिमण्या उचलतो. गेल्या आठवड्यात माझ्यादेखत दोन नेल्या. त्याला कसे हाकलावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : हाकलू नये. शिक्रा हा शिकारी पक्षी आहे आणि त्याचे येणे म्हणजे आपल्या परिसरात चिमण्या, सरडे आणि उंदीर पुरेसे असल्याची खूण आहे. मात्र आपण दाणे ठेवून चिमण्या उघड्यावर गोळा करतो तेव्हा त्याची शिकार आपण सोपी करत असतो, हेही खरे. आठ-दहा दिवस फीडर उतरवावा, म्हणजे चिमण्या पांगतील आणि शिक्रा दुसऱ्या वाटेने जाईल. पुन्हा टांगताना तो मोकळ्या अंगणाच्या मध्यभागी न लावता करवंदीच्या जाळीसारख्या दाट झुडपापासून सात-आठ फुटांवर लावावा. एवढे अंतर चिमणीला एका झेपेत लपायला पुरते, आणि मांजराला मात्र झुडपातून थेट झेप घालायला ते जास्त पडते.

प्रश्न : माझी आई डोंबिवलीत दर वर्षी 20 मार्चला चिमण्यांसाठी लाकडी घरटी वाटते. मी न्यू जर्सीत राहते. येथे अंगणात फीडर लावला तर तोच चिमण्यांचा थवा येतो आणि शेजारी मला सांगतात की या चिमण्यांना हटवले पाहिजे. कार्डिनल आणि गोल्डफिंच हे येथील स्थानिक पक्षी त्यांच्यामुळे येत नाहीत म्हणे. मला हे मनाला पटत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या आईचे कार्य आणि शेजाऱ्यांचे म्हणणे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो, कारण आपल्या शहरांतून चिमण्यांच्या राहण्याच्या जागा नाहीशा होत आहेत. अमेरिकेत मात्र ही चिमणी मूळची नाही. 1850 च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती युरोपातून आणून सोडली गेली आणि काही दशकांत खंडभर पसरली. तेथे ती निळ्या ब्लूबर्डसारख्या स्थानिक पक्ष्यांच्या घरट्यांच्या पेट्या बळकावते, कधी आतील पक्ष्यांना मारूनही टाकते. 1890 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेल्या स्टार्लिंग पक्ष्याचीही हीच कथा आहे. तो आपल्या साळुंकीचाच नातेवाईक. जो पक्षी एका अंगणात हवाहवासा वाटतो तो दुसऱ्या अंगणात उपरा असू शकतो, आणि त्यात चिमणीचा काही दोष नाही. म्हणून तिला मारण्याचा नव्हे, तर तिच्या आवडीचे न वाढण्याचा मार्ग मी सुचवतो.

गमतीची गोष्ट अशी की त्यासाठी लागणारी दोन्ही धान्ये आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या आणि घाटावरच्या माणसाच्या परिचयाची आहेत. पहिले करडई. कार्डिनल करडईचे दाणे आवडीने फोडतो, पण चिमण्या आणि स्टार्लिंग सहसा त्यांच्याकडे पाठ फिरवतात. (हा उपाय वाचून पुण्याच्या वाचिकेने गॅलरीत करडई ठेवू नये. कबूतरबाज करडई मुद्दाम खाऊ घालतात इतकी ती कबुतरांना आवडते.) दुसरे कारळे, ज्याची आपण चटणी करतो. तेच कारळे अमेरिकेत ‘नायजर’ या नावाने गोल्डफिंचसाठी विकले जाते. भारतातून आणि इथिओपियातून जाणारे हे बी तेथे रुजून तण होऊ नये म्हणून उष्णतेने निर्जीव केलेले असते. ते बारीक भोकांच्या उभ्या नळीत भरावे. गोल्डफिंच त्या नळीला लटकून एकेक बी ओढून खातो, आणि चिमण्यांना ते विशेष रुचत नाही. दुकानात मिळणारी तयार मिश्रणे, ज्यांत बारीक पांढरे भरडधान्य आणि भरडलेला मका भरपूर असतो, ती मात्र घेऊ नयेत, कारण चिमण्या त्यासाठीच येतात.

चरबीच्या वड्या ठेवत असाल तर त्या खालून उघड्या असलेल्या पिंजऱ्यात ठेवाव्यात. सुतारपक्षी उलटा लटकून खातो, स्टार्लिंगला ते अवघड जाते. फीडरच्या भोवती वरून बारीक तारा लोंबत्या सोडल्यास चिमण्या बिचकतात आणि इतर बरेच पक्षी बिचकत नाहीत, असाही तेथील लोकांचा अनुभव आहे. तो करून पाहण्यास हरकत नाही.

कारळे एकदम मोठी पिशवी भरून आणू नयेत. ती महिन्या-दोन महिन्यांत कोरडी पडतात आणि पावसात नळीच्या तळाशी गोळा होऊन त्यांना बुरशी धरते. गोल्डफिंच अचानक यायचे थांबले तर आधी नळीतील चार कारळे तळहातावर घेऊन नखाने दाबून पाहावीत. नखाला तेल लागले नाही तर उरलेली कारळी काढून टाकून नळी धुऊन वाळवावी आणि ताजी भरावीत.